मदतनिधीची संध्याकाळ ठरवताना: किती पाहुणे, किती रक्कम

बडोद्यातल्या मराठी मंडळांत मदतनिधीच्या कार्यक्रमाची पहिली बैठक बसली की दहा मिनिटांत विषय हॉलवर येतो. अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह घ्यायचं, जुबिली बागेजवळचं महात्मा गांधी नगरगृह घ्यायचं, की एखादा पार्टी प्लॉट? मग गायक कोण, जेवणात काय, पत्रिका कशी. किती पैसे उभे करायचे हा प्रश्न कुणीतरी उठता उठता विचारतं आणि उत्तर येतं, "जेवढे जमतील तेवढे." पहिल्यांदाच असं काम अंगावर घेणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा असं मला कळकळीनं वाटतं. आधी रक्कम, मग देणारी माणसं, मग पाहुण्यांचा आकडा, आणि त्यानंतर हॉल.

आकडा गरजेतून काढा

"गरजू विद्यार्थ्यांना मदत" एवढं सांगून कुणाचा हात खिशाकडे जात नाही. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, हे बडोद्यात शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्या शिष्यवृत्तीची रक्कम आणि मुदत दोन्ही ठरलेली होती: महिना साडेअकरा पौंड, ३ वर्षं. तुमच्या निधीचंही असंच व्हायला हवं. कोणाला, किती, किती काळ.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन चालू. त्यातले आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या केटररचे आणि हॉलचे दर मिळाले की ते तिथे घाला. समजा, नर्सिंग शिकणाऱ्या २० मुलींची वर्षाची फी, गणवेश आणि वसतिगृह मिळून प्रत्येकी ४०,००० रुपये लागतात. म्हणजे ८ लाख रुपये मुलींच्या हाती पडले पाहिजेत. हे तुमचं लक्ष्य, आणि ते निव्वळ आहे: सगळा खर्च वजा जाऊन उरलेलं.

आता खर्च. २०० माणसांचं जेवण ४०० रुपये डिशनं ८०,०००. हॉल, दिवे, ध्वनी ६०,०००. कलाकारांचं मानधन ५०,०००. पत्रिका आणि स्मरणिकेची छपाई ४०,०००. हार, वाहनं, किरकोळ असे २०,०००. बेरीज अडीच लाख. म्हणजे ८ लाख हाती यायचे तर साडेदहा लाख जमा व्हायला हवेत. खर्च जमेच्या चौथ्या हिश्श्याच्या जरा आत बसतो, तेवढा चालेल. तो एक तृतीयांशाच्या वर जायला लागला तर कार्यक्रम छोटा करा, किंवा सरळ घरोघरी जाऊन निधी गोळा करा. देणगीदारानं मुलीच्या फीसाठी दिलेला रुपया सजावटीत जाणं मला पटत नाही, आणि पुढच्या वर्षी तो देणगीदारालाही पटत नाही.

भरलेला हॉल आणि भरलेली पेटी

इथे थोडं थांबून हिशोब बघा, कारण नव्या समित्या नेमक्या इथेच फसतात. २०० जागांपैकी कलाकार, स्वयंसेवक, प्रमुख पाहुणे, काही विद्यार्थिनी आणि त्यांचे पालक मिळून ३० जागा बिनपैशाच्या जातात. उरल्या १७०. पास १,००० रुपयांचा ठेवला आणि सगळे खपले तरी १ लाख ७० हजार येतात. खर्च अडीच लाखांचा आहे. म्हणजे हॉल गच्च भरूनही पासच्या पैशांतून कार्यक्रमाचा स्वतःचा खर्चसुद्धा निघत नाही, मुलींची फी तर लांबच.

मग आणखी १०० माणसं बोलवावीत का? त्यांचे पासचे १ लाख येतील, त्यातले ४०,००० जेवणात जातील, हॉल मोठा लागेल, खुर्च्या वाढतील. हाती फार तर पन्नासेक हजार. तेवढी रक्कम एका घरी नीट जाऊन, चहा घेऊन, मुलींचे गुणपत्रक दाखवून मिळू शकते. म्हणून पाहुण्यांचा आकडा आणि निधीचा आकडा वेगवेगळ्या कागदांवर लिहा. पाहुणे हवेत ते कामाची ओळख वाढावी, पुढच्या वर्षीचे देणगीदार तयार व्हावेत, मुलींना आपल्यामागे कोण उभं आहे ते दिसावं यासाठी. रक्कम मात्र मुख्यतः त्या संध्याकाळच्या आधीच ठरलेली असते.

साडेदहा लाख कुठून येणार

पासचे १.७ लाख धरले. स्मरणिकेच्या जाहिरातींचे दीड लाख धरा. स्मरणिका आता जुनाट वाटते असं तरुण मंडळी म्हणतात, पण दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातला दुकानदार, मांजलपूरचा डॉक्टर, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला कारखानदार यांना छापील पानावर नाव दिसणं अजून आवडतं. आजोबांच्या स्मरणार्थ पाव पान देणारी घरंही असतात. मुख्य प्रायोजकांकडून २ लाख. उरले ५ लाख ३० हजार, ते थेट देणगीतून.

हे ५.३ लाख "सगळ्यांनी थोडे थोडे" या पद्धतीनं येत नाहीत. त्याची उतरंड मांडा. १ लाखाची एक देणगी. ५०,००० च्या तीन, म्हणजे दीड लाख. २५,००० च्या सहा, पुन्हा दीड लाख. १०,००० च्या आठ, म्हणजे ८०,०००. आणि उरलेले ५०,००० हॉलमध्ये बसलेल्यांकडून, हजार, दोन हजार, पाच हजार असे.

आता या उतरंडीतल्या वरच्या दहा देणग्यांसमोर नावं लिहायला बसा. एका देणगीमागे तीन ते चार घरं विचारावी लागतात, म्हणजे तीस-पस्तीस घरांची यादी हवी. प्रत्येक नावापुढे समितीतला कोण त्यांना ओळखतो तेही लिहा. नाना फडके (हे नाव काल्पनिक) सधन आहेत एवढ्यानं भागत नाही. नानांच्या घरी कोण हक्कानं जाऊ शकतं ते महत्त्वाचं. यादी तीसपर्यंत गेलीच नाही तर लक्ष्य खाली आणा: यंदा १२ मुली. १२ मुलींची फी शब्द दिल्याप्रमाणे भरणारं मंडळ, २० जाहीर करून १२ वर थांबणाऱ्या मंडळापेक्षा कितीतरी विश्वासाचं.

प्रायोजकांबद्दल एक फरक समजून घ्या. कंपनीच्या मॅनेजरला भेटलात की "सीएसआरमधून (म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) द्या ना" असं सहज तोंडून जातं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांतली एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. पण बॅनरवर नाव झळकवायला दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. तो पैसा कंपनीच्या जाहिरात खात्यातून येतो. सीएसआरचा पैसा हवा असेल तर शिष्यवृत्तीची योजना स्वतंत्र कागदावर मांडून मागा, आणि त्याआधी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा पैसा घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी, झालेली असू द्या. एकाच भेटीत दोन्ही मागितलं तर मॅनेजर गोंधळतो आणि "वर विचारून सांगतो" म्हणतो.

तारीख

बडोद्यात तारखेचं गणित मुंबई-पुण्याहून वेगळं आहे, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. डिसेंबरच्या साधारण १६ तारखेला सूर्य धनु राशीत गेला की गुजराती घरांत कमुर्ता लागतात. १४ जानेवारीच्या उत्तरायणापर्यंत लग्नं थांबतात. हॉल, पार्टी प्लॉट, केटरर, मंडपवाले या सगळ्यांचे दिवस रिकामे असतात आणि दरात घासाघीस करता येते. शिवाय याच दिवसांत परदेशी गेलेली मुलं-सुना घरी आलेली असतात. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांतला किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला शनिवार मला सर्वांत उत्तम वाटतो. १४ आणि १५ जानेवारी मात्र विसरा, सगळं शहर गच्चीवर असतं. नवरात्राच्या नऊ रात्रींत कार्यक्रम ठेवण्याचा विचार बडोद्यात कुणी करणार नाही. गणेशोत्सवात घरटी वर्गणी गेलेली असते. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षांचे.

डिसेंबर गाठायचा तर कामाला गणपतीपासून लागा. गणपती उठले की यादी. नवरात्रात फक्त आतली कामं: हॉलची चौकशी, खर्चाचे अंदाज. दिवाळीच्या फराळाच्या भेटींत वरच्या दहा-पंधरा घरांच्या कानावर नुसतं घालायचं, रक्कम मागायची नाही. व्यापाऱ्यांकडे लाभपाचमनंतर (कार्तिक शुद्ध पंचमीनंतर) जा. त्याआधी चोपडापूजन, सुट्या, बंद दुकानं.

पाहुणे किती येतील

आपल्याकडे निमंत्रण माणसाला जात नाही, घराला जातं. "सहकुटुंब या" म्हटल्यावर दोन येतील की सहा, ते देवाला ठाऊक. म्हणून पत्रिकेवर पासची संख्या स्पष्ट लिहा आणि व्हॉट्सअॅपवरच्या अंगठ्याला होकार समजू नका.

सर्वांत कामाला येणारी पद्धत म्हणजे यजमान नेमणं. १७० जागा, १७ यजमान, प्रत्येकाकडे १० जागा. यजमानानं आपली १० माणसं आणायची, त्यांचे पैसे जमा करायचे, त्यांना दारात भेटून जागेवर बसवायचं, आणि देणगीची रक्कम लिहून द्यायचं कार्ड त्यांच्या हातात द्यायचं. यजमान म्हणून समितीतलीच माणसं घेऊ नका. कारेलीबागेतली एखादी योगवर्गाची बाई, एखादा शाळेचा माजी विद्यार्थी, भिशीच्या गटातली काकू, अशा वेगवेगळ्या वर्तुळांतले सतरा निवडले तर सभागृहात नवे चेहरे दिसतात. सतरा यजमान मिळत नसतील तर २०० पाहुण्यांचा बेतच मोठा आहे असं समजा.

अंदाजासाठी एवढं धरून चाला: पैसे भरलेल्या दहा पासांवर नऊ माणसं येतात, फुकट दिलेल्या दहांवर सहा. आपल्या उदाहरणात १७० चे १५३, आणि बिनपैशाच्या ३० पैकी स्वयंसेवक-कलाकार येणारच म्हणून पंचवीस. एकूण १७८. केटररला १७५ डिशची गॅरंटी द्या आणि वीसेक डिश जास्तीच्या निघतील का ते आधीच बोलून ठेवा. खर्चाच्या कागदावर मात्र २०० चं जेवण तसंच राहू द्या. गॅरंटीचा आकडा कधीपर्यंत बदलता येईल ते लेखी घ्या. त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक यजमानानं आपल्या दहाही जणांना फोन करायचा, मेसेज नाही.

वेळेबद्दल: पाहुण्यांत जैन कुटुंबं असतील, आणि बडोद्यात ती असणारच, तर त्यांच्यातले चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर खात नाहीत. डिसेंबरअखेरीस इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाच वाजता चहा-नाश्ता ठेवून त्यात कांदा-लसूण-बटाटा नसलेलं एक भरपेट काउंटर ठेवलं तर ते मोकळेपणानं कार्यक्रमाला बसतात. सव्वासहाला कार्यक्रम, साडेआठला जेवण. पार्टी प्लॉट उघडा असेल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, तेव्हा गाणं लांबवू नका. आणि सिनेमातली गाणी होणार असतील तर आयपीआरएस किंवा पीपीएल या गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांपैकी कुणाचा परवाना लागेल ते हॉल बुक करतानाच विचारा.

पावत्या, पासपोर्ट आणि इतर कागद

हा भाग रुक्ष आहे, पण संस्थेचं नाव यावरच टिकतं किंवा जातं.

पासचे १,००० रुपये ही देणगी नव्हे. त्या बदल्यात पाहुण्याला जेवण आणि गाणं मिळतं, म्हणून त्यावर ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती फाडू नका. देणगीची पावती वेगळ्या पुस्तकात. रोख २,००० रुपयांच्या वरच्या देणगीवर देणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, तेव्हा मोठ्या रकमा चेकनं किंवा संस्थेच्या खात्याच्या यूपीआय कोडवर घ्या. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर कधीही नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत मुळातच नसते. म्हणून "कर वाचेल" हे तुमच्या मागणीचं पहिलं वाक्य नसावं. प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन लागतो, कारण वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या आयकर कायद्यात ते फॉर्म १०बीडी आणि १०बीई या नावांनी ओळखले गेले. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यावर कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात, तेव्हा चालू क्रमांक आपल्या सीएंकडून लिहून घ्या. निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के कर बसतो. दारात दानपेटी ठेवायचीच तर शेजारी नावाची वही आणि एक स्वयंसेवक बसवा.

परदेशी पाहुण्यांचं प्रकरण बडोद्यात हमखास येतं आणि त्यात चांगल्या संस्था अडकतात. न्यू जर्सीहून आलेल्या पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यानं स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओळखपत्र) असूनही तो परदेशी नागरिकच, आणि त्यानं रुपयांत दिलेले पैसेसुद्धा एफसीआरए २०१० या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतात. त्यासाठी संस्थेची नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. नोंदणी नसेल तर प्रेमानं नाही म्हणा. त्याचे पैसे इथल्या भावाच्या नावावर दाखवून पावती फाडण्याची सूचना कुणीतरी सद्‍हेतूनं करेल. तीही नाकारा. देणगीच्या कार्डवर "पासपोर्ट कोणत्या देशाचा?" असा एक रकाना छापलात की प्रत्येकाला तोंडी विचारण्याचा अवघडलेपणा वाचतो.

तिकिटं विकून लकी ड्रॉ काढू नका, तो लॉटरीच्या कायद्यात जातो. लिलाव चालेल. गुजराती, विशेषतः जैन, पाहुण्यांना उछामणीची, म्हणजे धर्मकार्यात जाहीर बोली लावण्याची, सवय असते आणि ते बोली उत्साहानं वाढवतात. आपल्या मराठी घरांत पुष्कळांना सगळ्यांसमोर रक्कम उच्चारणं नको वाटतं. दोघांनाही त्यांच्या पद्धतीनं देऊ द्या: एका चित्राचा किंवा पैठणीचा लिलाव मंचावर, आणि कार्डं टेबलाटेबलावर शांतपणे.

तीन आठवडे आधीचा निर्णय

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले की समितीनं एकदा कागद घेऊन बसायचं. वरच्या दहा देणग्या आणि प्रायोजक मिळून ६ लाख व्हायला हवेत. त्यांतले निदान ४ लाख तोवर पक्के, म्हणजे शब्द देऊन रक्कम सांगितलेले असावेत. नसतील तर पास आणखी छापू नका. कलाकारांचा ताफा कमी करा, जेवणातला एक पदार्थ काढा, आणि उरलेल्या घरी जायला दोघा-दोघांच्या जोड्या पाडा. एकट्यानं जाऊ नये. एकानं कामाबद्दल बोलावं, दुसऱ्यानं रक्कम उच्चारावी. "काय जमेल ते द्या" म्हटलं की समोरचा ५०१ देतो, कारण आपण त्याला काहीच सांगितलेलं नसतं. "एका मुलीचं एक वर्ष ४०,००० चं आहे, तुम्ही एका मुलीचं घ्याल का?" असं विचारावं आणि मग गप्प बसावं. त्यांना विचार करायला वेळ द्या.

त्या संध्याकाळी

मागणी जेवणाआधी, कार्यक्रमाच्या मध्यावर, आणि दहा मिनिटांत. भाषणं दोनच. एखादी शिष्यवृत्ती घेऊन शिकलेली आणि आता रुग्णालयात काम करणारी मुलगी बोलायला तयार असेल तर तिला तिच्या कामाबद्दल बोलू द्या: रात्रपाळी कशी असते, पहिल्या पगारात काय केलं. सध्याच्या मुलींना मंचावर उभं करून त्यांच्या घरची गरिबी वाचून दाखवू नका, कुणी कितीही म्हटलं तरी. त्यांची नावं, फोटो आणि आडनावं स्मरणिकेत छापण्याआधी त्यांची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या. ज्यांची नसेल त्यांच्याबद्दल फक्त आकड्यांत लिहा. त्या मुली पाहुण्यांसोबत पंगतीला बसतील, पाणी वाटायला नाही.

कार्डं गोळा करणारे चार स्वयंसेवक आधीच ठरवा. सभागृहात मोबाइलचं नेटवर्क पडतं तेव्हा यूपीआय अडकतं, म्हणून कार्डवर रक्कम, नाव, फोन, पॅन आणि सही घेऊन ठेवा. निघण्यापूर्वी दोन माणसांनी मिळून रोख मोजून वहीत दोघांच्या सह्या करायच्या.

नंतरचे पंधरा दिवस

शब्द दिलेली रक्कम दोन आठवड्यांत आली नाही तर पुढे ती येणं अवघड होत जातं. तिसऱ्या दिवशी आभाराचा फोन, आणि त्याच फोनवर खात्याचा तपशील. दहाव्या दिवशी यजमानाकडून आठवण.

पंधराव्या दिवशी एका पानाचा हिशोब सर्वांना पाठवा: पास, जाहिराती, प्रायोजक, देणग्या, खर्चाच्या पाचही रकमा, आणि किती मुलींची फी भरली. लक्ष्य ८ लाखांचं होतं आणि हाती ६ लाख ८० हजार आले असतील तर तसंच लिहा, १७ मुली असं लिहा, आणि उरलेल्या तिघींसाठी कुणाकडे जाणार तेही लिहा. मार्च संपेपर्यंत लोक वर्षअखेरीच्या देणग्या देतात, त्या तिघींची फी तेवढ्यात उभी राहू शकते. पान पाठवताना सतरा यजमानांच्या याद्यांतली कोण माणसं आली नाहीत तेही शेजारी टिपून ठेवा. पुढच्या सप्टेंबरची यादी तिथूनच करायची आहे.